डाललेली शेवंती

नेकनूरच्या आमच्या दारापुढे खांबावर दिवा लागावा म्हणून यजमानांनी तीन अर्ज केले. दिवा लागला. सरपंचांनी नारळ फोडला, यजमानांनी भाषण केलं आणि अंगणातल्या माझ्या शेवंतीने फुलायचं बंद केलं.

मार्गशीर्ष सरताना मुलीचा साखरपुडा होता. विकतचं एकही फूल आणणार नाही, असं मी भावकीत सांगून बसले होते. दिवाळी आली तरी कुंड्या नुसत्या हिरव्यागार. न्हाणीच्या भिंतीआड, जिथे दिव्याचा उजेड पोचत नव्हता, तिथल्या चार कुंड्या तेवढ्या कळ्यांनी भरल्या होत्या.

जाऊबाईंनी दृष्ट काढली. यजमानांनी युरिया टाकला. झाडं आणखी उंच झाली. शेवटी मी रोपवाटिकेवाल्याला फोन केला.

"ताई, शेवंती रात्र मोजती," तो म्हणाला. "रात्र लांबली की कळी धरती. तुमच्या दिव्यानं तिला वाटतंय, अजून उन्हाळाच हाय."

दिवा बंद करायला यजमान तयार होईनात; तीन अर्जांचा अपमान झाला असता. दिव्याला लाल जिलेटीन बांधू, असा तोडगा त्यांनी काढला. रोपवाटिकेवाला म्हणाला, "लाल उजेडानं तर ती जास्तच जागी राहती."

मग मी शेवंती डालायला लागले, कोंबड्या डालतात तशी. दिवस मावळला की प्रत्येक कुंडीवर डालगं, त्यावर दुहेरी पोतं. सकाळी काढायचं. उजेडातल्या पंधरा कुंड्या, रोज.

शेजारचे गॅरेजवाले भाई विचारायचे, "भाभी, आज अंडी किती?"

"खुडूक बसल्यात. तुमच्या गाड्या जरा हळू रेस करा."

साखरपुड्याला पंधरातल्या अकरा कुंड्या पिवळ्या झाल्या. हार, वेण्या, सगळं घरचं.

"विहीणबाई, फुलं लई टवटवीत हायत," व्याही म्हणाले. "खत कोणतं घालता?"

मी तोंड उघडायच्या आत यजमान बोलले, "दारातला दिवा. लख्ख उजेड पडतो. मीच आणला."

व्याह्यांना पटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यजमान मागच्या अंगणातल्या दिव्यासाठी चौथा अर्ज लिहायला बसले. डाललेल्यांतल्या उरलेल्या चार कुंड्या अजून कळीवरच होत्या. मी डालगी आणि पोती त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"आधी ही झाकून या," म्हटलं, "मग सही करा."