सरकारची बटणं

त्यांच्या पदवीचं नाव इतकं लांबलचक होतं की बंदराकडच्या वस्तीत ते कुणाच्या तोंडात मावेना. 'व्यवसायोपचारतज्ज्ञ' म्हटल्यावर पहिल्याच घरातल्या म्हाताऱ्यानं विचारलं होतं, "एवढ्याशा पोराला कसला व्यवसाय लावताय, बाई? दुधाचे दात तरी पडू देत." मग बाईंनी सविस्तर सांगितलं. खाणं, कपडे घालणं, खेळणं हाच लहान मुलाचा व्यवसाय. ज्यांची बोटं किंवा तोल त्यात साथ देत नाही, त्यांना ते शिकवायचं. आणि तेही दवाखान्यात नाही, त्यांच्या घरात, त्यांच्याच ताटवाटीवर. म्हाताऱ्यानं सगळं मन लावून ऐकलं आणि बाहेर जाऊन शेजाऱ्याला सांगितलं, "हातांची बाई आहे." तेव्हापासून त्या हातबाई झाल्या.

हातबाई चाळिशीच्या पुढच्या, अंगानं रुंद, बोलायला सरळ. खांद्यावर एक भलीमोठी पिशवी. तिच्यात कपडे वाळत घालायचे चिमटे, मोठे मणी, सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळून जाड मुठीचे केलेले चमचे, आणि बटणं-काजं शिवलेली कापडाची पट्टी. हे सामान पाहून लोकांचा हमखास विरस होई. शहरातल्या केंद्रात म्हणे माणसाएवढाले रंगीत चेंडू असतात, भिंतीला आरसे असतात. आणि इथे चिमटे! चिमटे तर घरात होतेच.

आपल्याकडे पाहुण्याला घरातलं चांगलं तेवढंच दाखवायची रीत सगळ्यांच्या अंगात मुरलेली असते. हातबाई येणार म्हटलं की मुलाला न्हाऊमाखू घालायचं, पावडर थापायची, पोटभर भरवायचं, बटणं लावून, भांग पाडून खुर्चीत बसवायचं. म्हणजे जे बघायला त्या येत, नेमकं तेच त्या यायच्या आत उरकलेलं असे. "जरा जेवताना बघायचं होतं," त्या म्हणत. "जेवला की मघाशी! तुमच्यासमोर सांडलवंड नको म्हणून आम्हीच भरवलं." एवढं बोलून घरातली बाई कौतुकाची वाट बघत उभी राही.

पण या सगळ्या घरांत वरचढ घर होतं ते सरकारचं.

सरकार म्हणजे बर्फाच्या कारखान्यामागच्या गल्लीतली सहा वर्षांची मुलगी. वेळेआधी जन्मलेली, हातांचे स्नायू ढिले, बोटं मऊ आणि संथ. जिभेचे स्नायू मात्र निसर्गानं दुप्पट भरपाई करून दिले होते. तिनं पाय पुढे केला की कुणीतरी त्यात चप्पल घाली. तोंड उघडलं की घास येई. बाप महिन्यातले बरेच दिवस समुद्रावर असे. आई कारखान्यात बर्फाची कूपनं फाडे. घरी राज्यकारभार बघायला दोघं: जन्मभर बोट चालवून आता किनाऱ्याला लागलेले आजोबा, आणि सकाळी मासळी निवडायच्या शेडमध्ये जाऊन दुपारी परतणारी आत्या. खोली एकच. खाऱ्या हवेनं फुगलेलं दार ढकलायला खांदा लावावा लागे. दाराशी चपला, आत पलंग, पलंगावर सरकार.

हातबाईंनी पहिल्या भेटीत व्यायाम नेमून दिले. कणकेचा गोळा दाबायचा, दोरीला चिमटे लावायचे, मणी ओवायचे, पट्टीवरची बटणं लावायची. रोज, न चुकता.

पुढच्या खेपेला दार आजोबांनीच उघडलं, एका हातानं, झटक्यात. "बघितलंत? हा खांदा कित्ती वर्षं आखडलेला होता. तुमच्या चिमट्यांनी सुटला!"

"आणि माझी बोटं बघा ना, ताई," आत्या म्हणाली. "बर्फात हात घालून पार लाकूड झालं होतं त्यांचं. आता मणी कसे सरसर ओवते!"

"चिमटे तुम्ही लावले?" हातबाईंनी विचारलं.

"रोज! एक दिवस खाडा नाही."

"आणि ही?"

"ही बघते ना," आजोबा म्हणाले. "समोरच बसवतो. तिला मेलीला जमत नाही हो, दमते. मग म्हटलं, व्यायाम तर चुकायला नको."

पलंगावरून सरकारनं दुजोरा दिला. "आजोबा चांगलं करतात. आत्या घाई करते."

हातबाईंच्या नोकरीत असे प्रसंग हसून सोडून द्यायचे असतात. दुपारी कचेरीत त्यांनी साहेबांना तोंडी अहवाल दिला की घराची प्रकृती झपाट्यानं सुधारते आहे, फक्त रुग्ण तेवढा बाकी आहे. साहेब खूश झाले. सुधारणा म्हटल्यावर ती कोणाची, हे विचारायची त्या कचेरीत पद्धत नव्हती.

पण मग शाळेचा प्रश्न आला आणि हसणं थांबलं. वस्तीतल्या शाळेच्या मोठ्या बाईंनी स्वच्छ सांगितलं, शाळेत मदतनीस नाही. मुलीला आपलं आपण खाता आलं पाहिजे, कपडे काढता-घालता आले पाहिजेत. एकदा आणून दाखवा. जमलं तर घेऊ, नाही तर शहरात अशा मुलांचं वसतिगृह आहे, तिथे चांगली सोय होते.

वसतिगृह हा शब्द ऐकून आत्यानं लगेच पदर डोळ्यांना लावला. आजोबा म्हणाले, "एवढीशी पोर! तिकडे तिला बटणं कोण लावून देणार?"

"कोणीच नाही," हातबाई म्हणाल्या. "तिकडे तीच लावणार. मग इथेच लावू द्या की."

"अहो, पण तिला वेळ लागतो."

"लागू दे."

"रडते."

"रडू दे."

"तुम्हाला स्वतःची मुलं आहेत ना हो, ताई?" आत्यानं डोळे पुसत विचारलं. या पेशात हा प्रश्न दगडासारखा येऊन लागतो आणि झेलायचा कसा हे कुठल्याही अभ्यासक्रमात शिकवत नाहीत.

"दोन आहेत," हातबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही असंच चालू ठेवलंत ना, तर हिला वसतिगृहात शाळा धाडणार नाही. तुम्ही धाडणार. लाडानं, हाताला धरून."

बाहेर कुणाच्या तरी बोटीचं इंजिन दुरुस्तीला लागलं होतं, ते तेवढं खोकत राहिलं.

त्या दिवसापासून त्यांनी उपचार बदलला. व्यायाम सरकारला, बंदी बाकीच्यांना. सरकार सदऱ्याची बटणं लावायला बसली की आजोबांनी काठोकाठ भरलेला पेला दोन्ही हातांत धरून उभं राहायचं, थेंब सांडता कामा नये. आत्यानं आपले तळहात मांडीखाली घालून त्यांवर बसायचं. आईच्या बाबतीत हातबाईंनी जोखीम घेतली नाही. तिला सरळ बाहेर पाठवलं.

पहिल्या दिवशी सरकारनं थोडा वेळ वाट पाहिली. मग फर्मान सोडलं, "आत्या, बटण!"

आत्या हातांवर बसून राहिली. तिच्या कपाळावर घाम आला.

"आजोबा, आत्या ऐकत नाही!"

आजोबांनी पेल्यावरून नजर हलवली नाही. मग सरकारनं भोकाड पसरलं. ते असं होतं की बर्फाच्या कारखान्याचे हमाल गल्लीत डोकावून गेले आणि शेजारीण थेट दारात येऊन उभी राहिली. एक म्हातारा पाणी धरून पुतळ्यासारखा, एक बाई स्वतःच्या हातांवर, मध्ये आक्रोश करणारं पोर, आणि आई बाहेर पायरीवर. "जीव आहे का नाही तुम्हाला?" ती म्हणाली. "सावत्र असल्यासारखे बघत काय बसलाय?" आणि ती बटण लावायला आत शिरली. तिला आईनं दंडाला धरून बाहेर काढलं. पुढे दोन्ही घरांत बरेच दिवस बोलणं बंद होतं.

वस्तीत बोभाटा झाला की हातबाईंनी त्या घराला काहीतरी करून ठेवलंय, माणसं दगड झालीत. घरात मात्र, रडून कंटाळा आल्यावर, सरकारनं एका दुपारी पहिलं बटण लावलं. फार चिडून लावलं. आजोबांचा पेला तेवढ्यात सांडला, पण हातबाईंनी त्याकडे काणाडोळा केला.

शाळेत दाखवायच्या दिवशी सगळं घर निघालं. समुद्रावरचा बापही एक फेरी चुकवून आला होता आणि नवीन चपलांत अवघडून उभा होता. मोठ्या बाई ठेंगण्या, गोड चेहऱ्याच्या, वर्षानुवर्षं लहान मुलांत राहून सगळ्यांशीच लाडात बोलणाऱ्या. त्यांच्या टेबलासमोर सरकारनं डबा उघडला, जाड मुठीच्या चमच्यानं चार घास खाल्ले, दोन सांडले. मग सदरा घालायला घेतला. बाह्या झाल्या. पहिलं बटण झालं. दुसऱ्याला बोट निसटलं. पुन्हा निसटलं.

मोठ्या बाईंचा चेहरा पाघळला. "अगं माझ्या सोन्या, आण इकडे," असं म्हणून त्यांनी वाकून दुसरं बटण लावलं आणि तिसऱ्याला हात घातला. मग हातबाईंकडे वळून मान हलवली. "नाही हो होत तिच्यानं. बघितलंत ना, मलाच लावावं लागलं."

"हात मागे!" आजोबा गरजले.

बोटीवर चाळीस वर्षं वाऱ्यावरून ओरडलेला आवाज तो; शेजारच्या वर्गातला पाढा थांबला. मोठ्या बाईंनी हात मागे घेतले, शिक्षा झाल्यासारखे पाठीशी बांधले.

"तुमची परीक्षा नव्हती, बाई," आत्या म्हणाली. "तुम्हाला बटणं येतात, कळलं आम्हाला."

सरकारनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग मोठ्या बाईंनी लावलेलं बटण काढलं. मग स्वतःचं पहिलंही काढलं आणि सुरुवातीपासून लावायला घेतलं.

वेळ गेला. घंटा झाली, पोरं धावत बाहेर पडली, मोठ्या बाईंनी हळूच घड्याळाकडे पाहिलं. हातबाईंनी ते पाहणं पाहिलं. आता या बाई उठणार, बस म्हणणार. एकच बटण राहिलं होतं, ते काजाच्या तोंडाशी येऊन अडलं होतं. वर टेकवलेलं एक बोट, नुसतं एक बोट, आणि काम झालं असतं. तेवढ्यात त्यांच्या मनगटावर सपकन चापटी बसली. आपला उजवा हात सरकारच्या सदऱ्यापासून वीतभरावर गेला आहे हे हातबाईंना तेव्हा दिसलं.

"ताई, बसा त्याच्यावर," आत्या कुजबुजली.

हातबाई बसल्या. पंधरा वर्षांच्या नोकरीत प्रथमच स्वतःच्या हातावर. फार दुखतं, हे त्यांना माहीत नव्हतं.

बटण गेलं. सरकारनं हात खाली सोडले आणि श्वास टाकला. सदरा गळ्याशी एका बाजूला उंच, खाली एका बाजूला लोंबत होता. वरपासून खालपर्यंत प्रत्येक बटण शेजारच्या काजात गेलं होतं.

"एक घर चुकलंय," मोठ्या बाई पुटपुटल्या. हात त्यांनी पाठीशीच ठेवले होते.

"चुकलं असेल," आजोबा म्हणाले, "पण तिचं तिनं चुकवलंय."

मोठ्या बाईंनी थोडा विचार केला. शाळेत घालायला बटणं नीट हवीत की आपली आपण लावता यायला हवीत, याबद्दल नियमात काहीच म्हटलेलं नव्हतं. "सोमवारी पाठवा," त्या म्हणाल्या. "घरच्यांनी फाटकाबाहेर थांबायचं. विशेषतः आजोबांनी."

घरी जाताना रस्ता नेहमीचाच होता, पण त्या दिवशी तो संपता संपेना. फाटकापाशी एका पोराच्या आईनं "अगंबाई, सदरा बघ कसा," म्हणून हात पुढे केला. आत्यानं तो वरच्या वर परतवला. धक्क्यावर मासळीच्या टोपलीशी बसलेली बाई ओले हात पुसून उठली. तिला बापानं गोड बोलून बसवलं. बर्फाची गाडी ओढणाऱ्यानं तर गाडी थांबवली. आजोबा पुढे चालत होते, वाट मोकळी करत, "लांब व्हा, लांब व्हा, लावलेली आहेत," असं सगळ्यांना सांगत. आणि मागून तिरप्या सदऱ्यात, मान ताठ ठेवून, सरकार येत होती.