बशीतली जवळची गोळी

समोरचा फ्लॅट बंद आहे. किल्ली माझ्याकडेच असते. तरी सकाळी चहाच्या वेळेला तिकडच्या ओट्यावर बशी टेकल्याचा आवाज येतो. मला येतो, कामाच्या बाईंना येत नाही. "मावशी, मांजर असंल," म्हणतात. मांजर आत गेलं कुठून, असं विचारलं की त्या भांडी घासायला लागतात. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. पण आवाज येतो तो येतोच.

तिकडे माझी मोठी जाऊ राहायची. लग्न होऊन आले तेव्हा मी तिला "अहो जाऊबाई" म्हणायचे. पुढे ती आक्का झाली, आणि अहोचं अगं कधी झालं ते दोघींनाही कळलं नाही. देवळ्याची शेती तिच्या मुलाच्या हवाली करून आमचे नवरे, दोघे सख्खे भाऊ, आम्हाला घेऊन इंदिरानगरात समोरासमोर राहायला आले आणि पाठोपाठ वर गेले. उरलो आम्ही दोघी. सकाळचा चहा तिच्याकडे, संध्याकाळचा माझ्याकडे, भांडणं दोन्हीकडे.

आमच्या सासूबाईंचा नियम होता, वाटणारीनं शेवटी घ्यायचं. एक पेरू असला तरी जिनं कापला तिनं बशी दुसरीपुढे धरायची, उरेल ती फोड आपली. आणि माझ्या आईची शिकवण अशी, की पुढ्यात आलेल्यातून निवडायचं नाही, जवळचं उचलायचं. लांब हात घालते ती हावरट. त्यामुळे आक्का कापायची, "उचल" म्हणायची आणि मी न बघता जवळची फोड उचलायचे. मोठी लांब राहिली की आक्का हसायची. "मास्तरीणबाई, सगळ्या शाळेला गणित शिकवलं, अन् स्वतःला पेरूची फोड निवडता येत नाय!"

आता गोळ्यांचं सांगते. माझ्या माहेरी आतड्याचा कॅन्सर आहे. आई त्यानं गेली, मग मोठी बहीण. बहिणीचं शेवटचं सगळं मी माझ्या हातांनी केलंय. तेव्हापासून साधं पोट बिघडलं तरी माझे हातपाय गार पडतात. वर्गात पोरं माझ्यापुढे चळाचळा कापायची, पण या एका गोष्टीपुढे मी कापते, खोटं कशाला सांगू?

अशात एका हॉस्पिटलात आमच्या वयाची धडधाकट माणसं हवी आहेत असं कळलं. हृदयाच्या पेशंटला रक्त पातळ ठेवायला देतात ती अॅस्पिरिन अगदी कमी डोसात रोज घेतली तर म्हाताऱ्या माणसांचा कॅन्सर टळतो का, हे त्यांना तपासायचं होतं. टळतोच असं डॉक्टर म्हणत नव्हते. निम्म्यांना खरी गोळी मिळणार, निम्म्यांना दिसायला तशीच पण आत औषध नसलेली. कोणाला कुठली ते आम्हाला कळणार नाही आणि त्यांनाही नाही. खरी असली तर रक्तस्राव होऊ शकतो, शी काळी झाली तर एक दिवसही थांबू नका, हेही त्यांनी बजावून सांगितलं. मी लगेच हो म्हणाले. आक्काचं माहेर निरोगी, तिला काही गरज नव्हती. पण ती म्हणाली, "तू जाशील तिथं मी. तू एकटीच अमर झालीस तर मी वर कोणाशी भांडू?"

बाहेर पडल्यावर रिक्षात मात्र तिची कुरकुर सुरू झाली. "एका घरात एकीच्या ताटात पुरणपोळी अन् एकीच्या ताटात नुसता कागद. ह्ये काय वाढणं झालं का?" मी तिला समजावलं, की आपल्याला कोणी जेवायला बोलावलेलं नाही, हा प्रयोग आहे. तिला ते पटलं नाही.

दोन्ही बाटल्या तिच्या फडताळात ठेवल्या, कारण मी विसरते. चहा झाला की माझ्या बाटलीतली गोळी ती माझ्या तळहातावर ठेवायची, तिच्यातली स्वतः घ्यायची. काही महिन्यांत माझ्या दंडांवर, नडगीवर निळे डाग पडायला लागले. नुसतं दाराला घासलं तरी नीळ. मला तर आनंदच झाला, म्हणजे माझीच खरी! डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, अजून काळजीचं नाही, वाढलं तर सांगा, आणि गोळी थांबवायची असेल तर केव्हाही थांबवा. मी म्हटलं, थांबवायचं नाव काढू नका.

आक्काला मात्र ते डाग बघवेनात. "सोड ती गोळी. अंग बघ, कोणी मारल्यावानी दिसतंय." मी तिच्यावर खेकसलेच. "माझ्या बहिणीला बघितलंयस ना? मग तोंड उघडू नकोस." ती माझ्या दंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बरं बाई. नाय बोलत."

दुसऱ्या दिवसापासून गोळ्या बशीतून यायला लागल्या. दोन्ही एका बशीत. "हे काय नवीन?" मी विचारलं. "बोटातनं पडत्यात गं. उचल." माझं डोकं पेपरात. मी जवळची उचलली. माझी तिनं माझ्या बाजूला ठेवली असणार, आणखी काय? मग रोज तसंच होत गेलं. हळूहळू डाग गेले. मला वाटलं, औषध अंगवळणी पडलं.

एके दिवशी सकाळी आक्का बेसिनपाशी रक्त ओकली. शी काळी होत होती म्हणे बरेच दिवस, बोलली नव्हती. हॉस्पिटलात नेलं. पोटातला अल्सरचा व्रण फुटला होता. तिला कुठली गोळी होती हे कळणं गरजेचं म्हणून डॉक्टरांनी माहिती उघडली. निघाली ती औषध नसलेली. गोळीचा संबंध नाही, ते म्हणाले. मलाही हायसं वाटलं. तिच्या कॉटशी बसून मी म्हटलं, "आक्का, तुझी खोटी होती गं. उगाच इतकी कुरकुर केलीस."

ती हसली. ओठ पांढरे पडलेले, तरी हसली. "कुठली तुझी अन् कुठली माझी? तुझे डाग बघून ठरवलं. दोन्ही बशीत घालायच्या, देवापुढं डोळे मिटून बशी फिरवायची. एकदा तुला खरी, एकदा मला. निम्मं निम्मं. तुझ्या भीतीचा मान पण राहील अन् अंग पण निळं व्हायचं नाय."

"अगं येडे! तो काय पेरू आहे का वाटून घ्यायला?" मी इतक्या जोरात ओरडले की नर्स धावत आली.

"तू उचलली ती तुझी, उरली ती माझी," आक्का म्हणाली. "वाटणारीनं शेवटी घ्यायचं. आपला नियमच हाय."

मी तशीच उठून डॉक्टरांना जाऊन सांगितलं. त्यांनी माझीही फाइल मागवली. माझी माहिती उघडली तर माझी खरी होती. त्यांनी लगेच धावपळ केली, होतं ते सगळं केलं. पण आक्का घरी आली नाही.

दिवसकार्य आटोपलं, तिचा मुलगा देवळ्याला परत गेला. एकदा सकाळी अंगाला तेल लावताना माझं दंडाकडे लक्ष गेलं. दंड स्वच्छ. किती महिन्यांपासून स्वच्छ होते! तेलाची वाटी तिथंच मोरीत ठेवून मी हिशेब मांडला. निम्मं निम्मं असतं तर थोडे तरी डाग राहिले असते ना? एकही नव्हता. बशी फिरत नव्हती. मी निवडत नाही, जवळचं उचलते, हे त्या बाईला माझ्या लग्नापासून ठाऊक होतं. खोटी गोळी तिनं रोज माझ्या बाजूला ठेवली, खरी लांब ठेवली, आणि नियमाप्रमाणे उरलेली घेतली. मरतानासुद्धा खोटं बोलली माझ्याशी.

डॉक्टर म्हणतात, असं छातीठोक सांगता येणार नाही. डाग येतात, जातात. या वयात व्रण कशानंही फुटतो. खरं असेल त्यांचं. पुढे त्यांनी हेही सांगितलं, की आमच्या वयात नव्यानं ती गोळी सुरू करून कॅन्सर टळल्याचं काही दिसलं नाही. मी ऐकून घेतलं. कोणावर चिडायचं तेच कळेना, म्हणून आक्कावर चिडले, आणि घरी येऊन तिच्या बंद दारापुढे उभी राहून ढसाढसा रडले.

पेरूचे दिवस आले की मी अजून एक पेरू कापते. दोन फोडी करून बशी टेबलावर ठेवते. समोरून बशीचा आवाज आला की हात पुढे करते आणि लांबची उचलते. आई म्हणाली असती, हावरट. म्हणू दे. जवळची मी आता घेत नाही.