शोकसभेत बोलणारा

आमच्या सौंसरात कोणी गेलं, की मोक्षधामात चिता पेटल्यावर शोकसभा होते आणि तिथे हाच बोलतो. आवाज चढवत नाही. लहान वाक्यं बोलतो, मध्येच थांबतो आणि गेलेल्याची एखादी सवय अशी सांगतो, की दगडालाही रडू यावं. माझ्या बाबूजींच्या वेळी म्हणाला, "काकाजी संत्रं सोलत, अन् पहिली फोड काकूच्या हातावर ठेवत. आज तो हात रिकामा हाय." मी ढसाढसा रडलो.

घरी आल्यावर डोक्यात आलं, हे याला कसं ठाऊक? मग आठवलं. बाबूजी अंथरुणाला खिळले, तेव्हापासून तो आमच्याकडे येऊन बसायचा. दुखणं कधी विचारायचा नाही, त्यांच्या सवयी तेवढ्या विचारायचा. मला ती माया वाटायची.

काल नागपूरला छातीची तपासणी करून बसमधून उतरलो, तर चहाच्या टपरीवर तो शेजारी येऊन बसला. डॉक्टर काय म्हणाले, ते त्याने विचारलं नाही. माझ्या हाताकडे बघत होता.

"भाऊ, तुम्ही चहा बशीतच पेता का जी? लहानपणापासून?"

मी बशी खाली ठेवली आणि उरलेला चहा तोंड पोळत कपानंच पिऊन टाकला.