तोंड न उघडणारी मुलं

दाताच्या दवाखान्यात सांगण्यासारखं काय घडणार, असं लग्न होऊन नगरला आले तेव्हा मलाही वाटायचं. येणारा गाल धरून येतो, जाणारा गाल धरून जातो. मधे त्याचं तोंड उघडं, म्हणजे बोलणंही बंद! पण वर्षं जातात तसे किस्से साठत जातात. आणि गंमत अशी की आता मला बोलक्या पेशंटांचे किस्से आठवतच नाहीत. आपलं काय दुखतंय हे ज्यांना सांगताच यायचं नाही, त्यांचे आठवतात.

आमचे हे मुंबईला दातांचं शिकून आले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत कापड बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांनी दवाखाना काढला. दातांसाठी वेगळा डॉक्टर असतो हेच पुष्कळांना नवीन होतं. दुखला की लवंग धरायची, हलला की वैदूकडून उपटून घ्यायचा. दवाखान्यात नर्स नव्हती. पेशंटचं डोकं धरायला, पकडी उकळायला मीच उभी राहायचे. ज्या मुलांची बुद्धी वाढली नाही त्यांना तेव्हा लोक तोंडावर खुळं म्हणायचे. त्यांचेही दात किडतात, त्यांनाही डॉक्टरकडे न्यावं, हे कुणाच्या मनात येत नसे. आमच्याकडे अशी पहिली मुलगी आली तीही चुकूनच.

*

तिसगावच्या बाजारात दोरखंड विकणारे रंभाजी स्वतःची दाढ काढून घ्यायला सर्व्हिस मोटारीने आले होते. घरी सांभाळणारं कुणी नाही म्हणून मुलगी गजरा बरोबर. बारा-तेरा वर्षांची पोर, पण बोलता येत नव्हतं. बाकावर बसल्या बसल्या ती आपला गाल भिंतीवर आपटत होती. रंभाजींनी खालच्या आवाजात सांगितलं की उन्हाळ्यापासून तिला हे लागलंय. जेवत नाही, जवळ जाईल त्याला ओरबाडते. देवऋषी झाला, अंगारे झाले, कोंबडंही देऊन झालं.

हे रंभाजींच्या दाढेकडे बघायचं सोडून गजराकडेच बघत होते. ती नेहमी एकच गाल आपटते का, असं त्यांनी विचारलं. रंभाजींनी वळून तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, व्हय, डावाच.

आम्ही तिघांनी धरून तिचं तोंड उघडलं. डावीकडची खालची दाढ मुळापर्यंत पोखरलेली होती आणि हिरडी पुवाने टम्म फुगली होती. एवढं दुखणं घेऊन ही पोर उन्हाळ्यापासून जगत होती. दाढ निघाली, पू वाहून गेला, आणि हळूहळू गजराचं थरथरणं थांबलं. ती बाकावर जाऊन आडवी झाली आणि बापाच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली.

मग यांनी रंभाजींना खुर्चीत यायला सांगितलं. ते उठेनात.

"आखितीपासून झोपली न्हवती, डाक्टर. मी उठलो तर जागी व्हईल."

मोटारीची वेळ होईपर्यंत ते आपला सुजलेला गाल हातात धरून तसेच बसून राहिले. आणि आपली दाढ तशीच बरोबर घेऊन तिसगावला परत गेले.

त्या दिवसापासून हे येणाऱ्या प्रत्येकाला विचारायला लागले, तुमच्या घरी, शेजारी असं कुणी लेकरू आहे का? असलं तर घेऊन या. बोलता आलं नाही तरी चालेल.

*

बेलापूरच्या फातिमाबींच्या घरी बांगड्यांचा व्यापार होता. त्यांचा मुनीर आठ-नऊ वर्षांचा, गोल चेहऱ्याचा, बारीक डोळ्यांचा, जीभ जराशी बाहेर. अनोळखी माणसाच्याही गळ्यात पडायचा इतका प्रेमळ! पण 'आ कर' म्हटलं की ओठ असे घट्ट मिटायचा की त्यातून सुई गेली नसती. फातिमाबी म्हणाल्या की तोंड उघडलं की लोक आत कडू औषध घालतात, एवढं त्याला पक्कं कळलेलं आहे.

यांनी थोडा वेळ विचार केला. मग मुनीरला खुर्चीतून उतरवलं, स्वतः खुर्चीत बसले, त्याच्या हातात छोटा आरसा दिला आणि मोठा आ केला.

मुनीर एकदम गंभीर झाला. एकेका दाताजवळ आरसा नेऊन त्याने सगळं तोंड तपासलं. मागच्या उजव्या दाढेशी थांबला, नाक जवळ नेऊन वास घेतला, आणि आईकडे वळून म्हणाला, "अम्मी, खराब."

आम्ही सगळे हसलो. मुनीर हसला नाही. आता आपली पाळी, हे ओळखून तो खुर्चीत चढला आणि तोंड उघडून बसला. त्याचे किडलेले दात भरून होईपर्यंत त्याने हूं की चूं केलं नाही.

पुढे हे काही कामासाठी पुण्याला गेले, तेव्हा तिथल्या दातांच्याच डॉक्टर असलेल्या एका दोस्ताला सहज म्हणून आपले दात दाखवले. परत आले ते मागची उजवी दाढ भरून घेऊनच!

*

शेवगावकडच्या छबूने एकदा यांचं बोट दातांत धरलं. असं झालं तर बोट ओढायचं नाही, हे त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. ओढलं की मूल घाबरून आणखी जोरात चावतं. तिची आई हात उगारून धावली. यांनी दुसऱ्या हाताने तिला थांबवलं आणि छबूशी हळू आवाजात बोलत राहिले. शेवगावला आठवड्याचा बाजार कधी असतो, बाजारात काय काय मिळतं, असलं काहीतरी. चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज हलला नाही.

शेवटी तिने जबडा सैल केला. बोटातून रक्त येत होतं. छबूने ते पाहिलं, बोट आपल्या दोन्ही हातांत घेतलं आणि त्याच्यावर फुंकर घालत बसली.

तिच्या आईने उगारलेला हात खाली घेतला. म्हणाली, हिला भाजलं-कापलं की मी फुंकर घालते. पण ही कुणाला घालील, हे मला ठावं न्हवतं.

*

चंद्रभागा कालव्याकाठच्या उसाच्या रानातून आली होती. गुऱ्हाळावर राबायची. कडेवर पाच वर्षांचा किसन. चालता येत नव्हतं, मान सावरत नव्हती, आणि पुढच्या दातांच्या जागी नुसते काळे खुंट. काय खातो, असं विचारल्यावर तिने सांगितलं की दिवसभर गुळाचा खडा तोंडात असतो. त्याशिवाय तो गप्प राहत नाही.

हे कधी पेशंटवर चिडायचे नाहीत. त्या दिवशी चिडले. आईनेच पोराच्या दातांचं वाटोळं केलं, असं बोलून गेले. चंद्रभागा खाली मान घालून ऐकत होती. त्यांचं संपल्यावर तिने वर पाहिलं.

"गूळ न्हाई दिला तर रडतंय," ती म्हणाली. "रडलं की बाया म्हनत्यात, हे गेलं तर सुटशील बाई तू. त्याला समदं ऐकू येतंय, डाक्टर. म्हनून मी गूळ देते."

हे हात धुवायला म्हणून मागच्या अंगणात गेले आणि बराच वेळ आले नाहीत. परत आले तेव्हा चंद्रभागेसमोर खाली जमिनीवर बसले. म्हणाले, गूळ दे. पण दिवसभर तोंडात ठेवू नको. खाऊन झाला की पदराचं टोक पाण्यात बुडवायचं आणि त्याचे दात, हिरड्या पुसून काढायच्या. दर वेळी. जमेल का? ती जमेल म्हणाली.

मी मनात म्हटलं, गुऱ्हाळाच्या चुलाणाच्या धगीत उभी राहणारी ही बाई, हिला कुठलं जमतंय.

गळिताचा हंगाम संपल्यावर ती किसनला घेऊन पुन्हा आली. मी त्याला उचलून घ्यायला वाकले, तर माझा पदर खांद्यावरून सुटून त्याच्या तोंडासमोर आला. किसनने तो पाहिला आणि आपणहून मोठ्ठा आ केला. नवी कीड शोधून सापडली नाही.

*

लहानू भंडारदऱ्याच्या डोंगरातला. त्याचा थोरला भाऊ नगरच्या लष्करात घोड्यांच्या पागेत कामाला होता, तो त्याला घेऊन आला. सतरा-अठरा वर्षांचा गडी, अंगात बैलाचं बळ, आणि समज तीन वर्षांच्या मुलाची. त्याला धरायला पागेतले आणखी मोतद्दार आले होते. खुर्चीत बसवलं की सगळ्यांना झटकून उभा राहायचा.

आमच्याकडे तेव्हा दात कोरायचं यंत्र पायाने चालायचं, शिंप्याच्या मशीनसारखं. डॉक्टरनेच पाय मारायचा आणि डॉक्टरनेच कोरायचं. लहानूची नजर त्या चाकावर खिळली. हे यांच्या लक्षात आलं. त्यांनी सगळ्यांना बाहेर घालवलं, यंत्र खुर्चीच्या अगदी जवळ ओढलं आणि लहानूचा पाय उचलून पायट्यावर ठेवला.

लहानूने पाय मारला. चाक फिरलं. तो हरखून गेला.

त्यानंतर जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते. लहानू खुर्चीत तोंड उघडून बसला होता आणि स्वतःचा दात कोरायचं यंत्र स्वतःच चालवत होता. दुखलं की त्याचा पाय थांबायचा, हेही थांबायचे. कळ गेली की पुन्हा चाक सुरू. पाय इतका एकसारखा चालत होता की इतकं सफाईचं काम आपल्या स्वतःच्या पायाने कधी झालं नाही, असं हे संध्याकाळी म्हणाले.

*

मामलेदार कचेरीत कारकून असलेले जोशी आमच्या ओळखीचे होते. त्यांना एकच मुलगा, असं सगळ्या गावाला ठाऊक. एकदा भर दुपारी, बाजार सुस्तावलेला असताना, पडदा लावलेला टांगा दारात थांबला आणि जोशी एका सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला घाईघाईने आत घेऊन आले. तिचं नाव कुसुम. ती कोण हे त्यांनी सांगितलं नाही, पण नाक-डोळे त्यांचेच होते. जन्मापासून तिची बुद्धी वाढली नव्हती, बोलणं नव्हतं, आणि मागच्या खोलीतून ती कधी बाहेर आली नव्हती. पुढचा दात किडून ओठ सुजला होता. जोशी सारखे दाराकडे बघत होते. लवकर उरका, एवढंच म्हणत होते.

कुसुम शांत बसली. इंजेक्शनला डोळे मिटले नाहीत, दात निघतानाही नाहीत. इतक्यात बाहेर आरडाओरडा झाला. मामलेदारांच्या पत्नी आपल्या लहान मुलीला ओढत आत आल्या. पोरगी दात दुखतोय म्हणून रडत होती आणि खुर्ची बघून आणखी किंचाळायला लागली. जोशींचा चेहरा उतरला. ज्या कचेरीपासून त्यांनी कुसुमला लपवलं, त्या कचेरीतलंच घर दारात उभं होतं.

कुसुम उठली. जोशींनी तिचा हात धरला, तो तिने सोडवून घेतला. ती त्या पोरीसमोर जाऊन बसली आणि आपलं तोंड उघडून रिकामी झालेली जागा तिला दाखवली. पोरगी रडता रडता बघायला लागली. तिने बोट पुढे केलं, कुसुमने ते आपल्या हिरडीला लावू दिलं. मग तिला उचलून घेतलं, खुर्चीत बसली आणि तिला मांडीवर बसवलं. यांनी त्या पोरीचा दुधाचा दात कुसुमच्या मांडीवरच काढला. पोरगी रडली नाही.

मामलेदारांच्या पत्नी भारावून बघत होत्या. त्यांनी जोशींना विचारलं, "ही कोण हो तुमची?"

जोशींनी एकदा दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "ही माझी थोरली. कुसुम."

टांगेवाल्याला त्यांनी रिकामाच परत पाठवला. ऊन उतरून बाजार नुकता भरायला लागला होता. आम्ही दोघं दारात येऊन उभे राहिलो. जोशी कुसुमचा हात धरून कापड बाजारातून पायी चालले होते, आणि कुसुम समोरून येणाऱ्या प्रत्येक माणसाला तोंड उघडून आपल्या दाताची रिकामी जागा दाखवत होती.