ढाण्याचा आवाज

ढाण्याची गोष्ट तुम्ही माझ्या तोंडून ऐकलीच असेल. सांगलीच्या मार्केट यार्डात माझ्याबरोबर एकदा जरी चहा घेतला असेल, तरी तुमची सुटका झालेली नसणार. पण तिचा शेवट — तो मी आपण होऊन आजवर कुणालाही सांगितलेला नाही. सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, अर्धा डोळ्यांनी बघितला आहे. उरलेला आज सांगतो. रडत सांगणार नाही, आधीच बजावून ठेवतो. हळहळ ऐकायची असेल तर दुसरं दार बघा.

तुम्ही ऐकलीत ती गोष्ट अशी. मी वडूजकडचा, धनगराच्या घरातला. यार्डात एका अडत दुकानात हळदीचे सौदे पुकारतो. माझा आवाज या टोकाला सुटला की त्या टोकाचा हमाल मान वर करतो. एकदा मित्रांसमोर मी फुशारकी मारली, की तुमची ती शांपूनं धुतलेली कुत्री ठेवा बाजूला, आमच्या वाड्यावरचं पिल्लू आणून दाखवतो. वाडा म्हणजे आमचा मेंढरांचा तळ. आणि आणलं. काळं कुळकुळीत, छातीवर रुपयाएवढा पांढरा ठिपका. नाव ढाण्या. या ढाण्यानं सोफ्याचं पोट फाडून कापूस पंख्यापर्यंत नेला. सुनंदाच्या चपलांच्या जोडातली डावी तेवढी खाल्ली, उजवी निवडून बाजूला ठेवली. आणि मग — इथं मी चहाचा कप खाली ठेवतो — ढाण्याचं रडणं काढून दाखवतो. आधी बारीक कुईं, मग चढत जाणारा सूर, मध्येच तुटलेला, आणि शेवटी जांभईसारखा विरणारा. लोक पोट धरून हसतात. लग्नाच्या मांडवात मला यासाठी माईक दिलेला आहे. मला मजा येते. अजून येते. खोटं कशाला बोलू?

पण एक प्रश्न तुमच्यापैकी कुणी कधीच विचारला नाही — हा आवाज मला इतका हुबेहूब येतो कसा?

सुनंदा एका दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत काम करते. मी यार्डात. सकाळी दोघं बाहेर पडलो की फ्लॅटला कुलूप, ते संध्याकाळपर्यंत. आत ढाण्या. दूध सुटून थोडेच दिवस झालेलं पिल्लू, पाण्याचा वाडगा, आणि माझा हळदीनं पिवळा झालेला एक जुना सदरा — वास असावा म्हणून. त्या सदऱ्यावर झोपून त्याचं नाक पिवळं झालं होतं. हेही मी गोष्टीत सांगतो, त्यावरही हसू येतं.

नोकरी करणं हा गुन्हा आहे का? नाही. कुलूप लावणं? तुम्हीही लावता. त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही. पण कुलूप लावल्यावर मी जिन्यात थांबायचो. रोज. दारामागं ते रडायला लागायचं आणि मी किल्ली हातात धरून ऐकत उभा राहायचो. तुम्हाला वाटेल, जीव तुटत असेल याचा — नाही हो. सूर कुठं चढतो, कुठं तुटतो, ते पकडत होतो. पाठ करत होतो. यार्डात पोचेपर्यंत गाडीवर गुणगुणत जायचो, आणि दहाच्या चहाला प्रयोग.

समोर पाटीलकाकू राहतात. जैन घर, नवरा निवृत्त, काकू दिवसभर घरात. एकदा त्यांनी मला जिन्यातच अडवलं. चार बिऱ्हाडं ऐकत होती. म्हणाल्या, "आवं भाऊ, पिल्लू दिसभर रडतंय. किल्ली माझ्यापाशी ठिवा की. माझ्याकडं बसंल, मला बी सोबत." किल्ली द्यायला काय लागत होतं? खिशातनं काढायची, त्यांच्या हातावर ठेवायची. मी नाही दिली. धनगराच्या पोराला कुत्रं सांभाळायला शेजारीण लागते — हे त्या चार बिऱ्हाडांसमोर मला चालणार नव्हतं. "आमची कुत्री अशीच तयार होतात काकू," असं मी म्हणालो. थाटात म्हणालो.

तसं ते तयार झालंही. काही दिवसांनी रडायचं थांबलं. मी ते विजय म्हणून सांगितलं. काकू दार लावता लावता एवढंच म्हणाल्या, की आता ते रडत नाही, दाराला नाक लावून बसतं, फटीतनं श्वास ऐकू येतो.

आता शेवटाकडं येतो. येतोच आहे, घाई करू नका.

आमच्यात कुत्र्याचं पिल्लू वाढवायची रीत आहे. डोळे उघडले की ते कोकरांत सोडायचं. कोकरांत खायचं, कोकरांत झोपायचं, एकटं कधीच ठेवायचं नाही. मग मोठं झाल्यावर ते कळप आपलं घर समजतं आणि लांडग्यासमोर उभं राहतं. माझ्या वडिलांनी, आबांनी, मला पिल्लू देताना म्हणूनच विचारलं होतं, दिवसभर त्याच्याजवळ कोण असतं. मी बिनदिक्कत सांगितलं होतं, सुनंदा घरीच असते की. ढाण्याची आई वाघी. वाघीची आई, तिची आई, सगळी आमच्याच वाड्यावरची. माझ्या आज्यापासून चालत आलेलं रक्त. दुसऱ्या वाड्यांवरचे लोक तिच्या पिल्लांसाठी आधी सांगून ठेवायचे.

ढाण्या मोठा झाला तेव्हा मी त्याला मिरवत आबांच्या वाड्यावर नेला. आबांनी त्याला मेंढरांत सोडला. तो थरथर कापायला लागला. एक कोकरू हुंगायला आलं तर मागं मागं सरकत गेला, आणि सगळ्या उघड्या माळावर त्याला टेकायला एकच वस्तू सापडली — माझी मोटारसायकल. तिच्या चाकाला नाक लावून बसला. माळावर दार कुठनं येणार?

आबा बराच वेळ बघत राहिले. मग मला म्हणाले, "खरं सांग रं. एकलं ठिवलं व्हतंस का ह्येला?"

"न्हाई आबा. सुनंदा असती की."

आबांनी मान हलवली. पोरगं जनावराच्या बाबतीत आपल्याशी खोटं बोलेल, हे त्यांच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. मग दोष कुणाचा उरला? "रगातच फसलं म्हणायचं," एवढंच बोलले. कळपाला भिणारं पिल्लू ज्या कुत्रीच्या पोटी निघालं, ती कुत्री आमच्यात वाड्यावर ठेवत नाहीत. वाघीला त्यांनी रहिमतपूरकडच्या एका वीटभट्टीवाल्याला देऊन टाकलं. साखळीला. आणि ज्यांनी ज्यांनी तिची पिल्लं मागितली होती, त्या एकेकाच्या तळावर स्वतः चालत जाऊन सांगितलं, की घेऊ नका, माझ्या कुत्रीत खोट निघाली. खाली मान घालून सांगितलं असणार. मी बरोबर नव्हतो. मी सांगलीत हळद पुकारत होतो.

एक वाक्य पुरलं असतं. दिवसभर बोलून पोट भरणाऱ्या माणसाला एक वाक्य जड गेलं? जड नाही गेलं. मी ते बोललोच नाही. ढाण्याला परत आणला, आणि गोष्ट चपला आणि आवाजापाशी संपवायला लागलो.

वाघी भट्टीवरच मेली.

गेल्या जत्रेला मी आणि सुनंदा गावी गेलो. आबा आता घरीच असतात, नजर गेली आहे, मेंढरं धाकटा भाऊ बघतो. जेवणं झाल्यावर पाहुणे अंगणात बसले आणि कुणीतरी म्हणालं, दादा, ते कुत्र्याचं करून दाखवा की. आबा म्हणाले, "कर की. मी कवा ऐकलंच न्हाई." नाही म्हणायला हवं होतं ना? पण समोर माणसं बसली होती, आणि माणसं बसली की मला राहवत नाही. काढला आवाज. त्या दिवशी तर असा लागला म्हणता —

भावाची नवी काळी कुत्री लिंबाखाली पडली होती, पिल्लं पोटाशी. ती ताडकन उठली. आधी तिनं स्वतःची पिल्लं हुंगली. सगळी जागेवर. तरी ती अंगण ओलांडून घराच्या बंद दाराशी गेली आणि पंजानं दार खरवडायला लागली. पाहुणे आणखीच हसले. आबांना दिसत नव्हतं, पण खरवडणं ऐकू येत होतं. हसू ओसरेपर्यंत ते थांबले.

"एकलं ठिवलं व्हतंस," आबा म्हणाले. या वेळी विचारलं नव्हतं.

"व्हय."

मला वाटलं ओरडतील. त्यांनी खिशातला फोन काढून माझ्या हातात दिला. म्हणाले, नंबर लाव. ज्यांना ज्यांना त्यांनी वाघीची खोट सांगितली होती, त्यांची नावं ते एकेक घेत गेले. मी नंबर लावत होतो आणि फोन त्यांच्या कानाला धरत होतो. प्रत्येकाला तेच वाक्य: "वाघीचं रगात चांगलं व्हतं गड्या. माझं पोरगं खोटं बोललं." पाहुणे बसलेलेच होते. सुनंदा पदर धरून उंबऱ्यात उभी. काहींचे फोन लागले नाहीत, काही माणसं आता नाहीत. आबा म्हणाले, त्यांच्या पोरांना लाव. लावले.

म्हणजे पुढं कधी तुम्ही मला ढाण्याचा आवाज काढायला सांगितलात, तर मी काढीन. लाजणार नाही. फक्त मग इथपर्यंत ऐकावं लागेल. चपलांवर, आवाजावर हसून उठून जाता येणार नाही.

शेवटचा फोन झाला. आबांनी फोन खिशात ठेवला, वरून हातानं चाचपला. मग माझ्याकडं तोंड करून म्हणाले, "ढाण्या हाय का अजून?"

"हाय की. सांगलीत. घरी."

"आन आत्ता त्येच्यापशी कोण हाय?"

सुनंदानं माझ्याकडं बघितलं. घराची किल्ली माझ्याच खिशात होती.

"कोण न्हाई," मी म्हणालो.