मिस डार्लीनचा सातवा डबा

मिस डार्लीननी मला सहा वर्षं दुपारचं जेवण वाढलं. लायमा गावातल्या आमच्या शाळेत केसांना जाळी लावून त्या काउंटरपलीकडे उभ्या असायच्या. जॉनी मारझेटीचा, म्हणजे खिमा घातलेल्या मॅकरोनीचा वार असला, की माझ्या ताटात पडणारा डाव जरा जास्तच भरलेला असायचा. आमच्या घरी काय चाललंय ते गावाला माहीत होतं, तसं त्यांनाही असणार. त्यांनी कधी विचारलं नाही, मीही कधी आभार मानले नाहीत. अशा बाईशी मी जे केलं, ते अजून माझ्या बायकोलाही धड सांगितलेलं नाही.

मी पुढे बरेच उद्योग करून पाहिले, त्यातला एकच टिकला. जुन्या व्हिडिओ गेमचे बंद डबे. महिन्याला तीस डॉलर भरायचे, डब्यात तीन कॅसेट, कुठल्या ते उघडल्यावर कळणार. लोक विचारतात, परवडतं का हे? खरं सांगायचं तर घेणाऱ्याला नाही. लोकांच्या गॅरेजमधून पेटीभर कॅसेट उचलल्या, की निम्म्या बेसबॉलच्या आणि उरलेल्यांत निम्म्या फुटबॉलच्या निघतात, त्याच डब्यात जातात. "पण डबा उघडताना दोन मिनिटं माणूस दहा वर्षांचा होतो, आपण त्याचे पैसे घेतो," असं माझा भागीदार आणि मेहुणा कीथ म्हणतो. कीथला बोलायला काय जातंय!

आमच्या फॉर्मवर शेवटी एक ओळ आहे: तुम्हाला कुठला गेम मिळावा असं मनापासून वाटतं? घेणाऱ्याला वाटतं, तो गेम लवकर मिळावा म्हणून आम्ही विचारतोय. उलट आहे. तो गेम हाताला लागला, की त्यावर गिऱ्हाइकाच्या नावाची आणि तारखेची चिठ्ठी चिकटवून आम्ही तो खणात ठेवतो आणि बाराव्या डब्यात घालतो. तोवर आशेवर माणूस महिने भरत राहतो. युक्ती कीथची, पण खण माझ्या टेबलाचा आणि चिठ्ठ्यांवरचं अक्षर माझं.

गेल्या जानेवारीत मिस डार्लीन दुकानात आल्या. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. त्यांनी फॉर्म भरला आणि त्या ओळीवर समुद्राच्या तळाशी जाऊन शिंपले गोळा करणाऱ्या पाणबुड्याचा एक जुना गेम लिहिला. त्याच्या कॅसेट मुळातच थोड्या निघाल्या होत्या. सुटा घ्यायला गेलं तर दीडशेच्या खाली मिळत नाही.

"दीडशे डॉलर खेळण्यावर घातले तर लॉनी मला घराबाहेर काढेल," त्या म्हणाल्या. "तीस मी वाणसामानात खपवते. तू नको काळजी करूस."

लॉनी म्हणजे त्यांचा नवरा.

मार्चमध्ये फिंडले गावातल्या एका घरातलं सामान विकायला काढलं होतं, तिथल्या खोक्यात मला तो गेम सापडला. पुसला, लावून पाहिला, चिठ्ठी चिकटवली, खणात ठेवला. मनाला काहीही लागलं नाही, हे मी कबूल करतो.

टपालाचा खर्च वाचावा म्हणून मिस डार्लीन दर महिन्याला स्वतः डबा न्यायला यायच्या आणि माझ्याच कात्रीने तो माझ्यासमोर उघडायच्या.

"पुन्हा बेसबॉल! अरे बाळा, या देशात दुसरं काही खेळतच नव्हते का रे?"

त्या हसायच्या, मीही हसायचो. खण माझ्या गुडघ्याला लागलेला असायचा.

जूनच्या शेवटी आल्या तेव्हा त्यांनी डबा उघडलाच नाही. नुसता हातात धरून उभ्या राहिल्या.

"साखरेनं लॉनीचे डोळे खात आणलेत," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतो, थंडीपर्यंत टिकले तर खूप झालं." आणि मग आपणहून सांगू लागल्या. "कारखान्यात त्याची दुसरी पाळी असायची. मी पहाटे पाचला शाळेच्या स्वयंपाकघरात. नऊ वर्षं आम्ही एकमेकांना जागेपणी फक्त रविवारी पाहिलं. तो रात्री येऊन त्या गेमचा एक डाव खेळायचा, झालेला आकडा कागदावर लिहून फ्रिजला लावायचा. यंत्र बंद केलं की आकडा जायचा ना! मी दुपारी येऊन खेळायचे आणि माझा आकडा त्याच्याखाली. वर दोन शब्द सुनावायचे."

"काय सुनावायचात?"

"ते नाही सांगणार. तू माझ्या हातचं जेवलायस." त्या हसल्या, पण लगेच थांबल्या. "मग तळघरात पाणी शिरलं, त्यात तो गेम गेला. त्याला दिसतंय तोवर एकदा हरवायचंय रे मला त्याला. काही लागलं का हाताला?"

फक्त खण ओढायचा होता. पण त्या कॅसेटवर मार्चची तारीख होती, माझ्या अक्षरात. ती त्यांनी वाचली असती आणि माझ्याकडे पाहिलं असतं. चिठ्ठी फाडूनही देता आली असती, तेवढंही त्या क्षणी सुचलं नाही. मला फक्त लाज वाटली.

"शोधतोय, मिस डार्लीन," मी म्हणालो. "माझ्या लक्षात आहे."

"मला माहितीये," त्या म्हणाल्या, आणि गेल्या.

त्याच दुपारी मी चिठ्ठी सोलून काढली आणि तो गेम त्यांच्या जुलैच्या डब्यात घातला. वर स्वतःवर खूशही झालो. म्हटलं, त्यांना नशिबाने मिळाल्यासारखं वाटेल, कुणाला काही कळणार नाही, चार आठवड्यांचा तर प्रश्न आहे.

जुलैच्या शेवटी त्या आल्या नाहीत. दोन दिवस वाट पाहून मीच डबा घेऊन त्यांच्या घरी गेलो. दारातच त्या म्हणाल्या, "पंधरा दिवसांपूर्वी लॉनीच्या डोळ्यांत रक्त उतरलं. दोन्ही गेले." आत लॉनी आरामखुर्चीत बसले होते, तोंड टीव्हीकडे, टीव्ही बंद.

मिस डार्लीननी भाजीच्या सुरीने डबा उघडला आणि किंचाळल्या. कॅसेटमध्ये फुंकर मारली, माझ्याकडूनच घेतलेल्या यंत्रात ती घातली. गेमचं गाणं सुरू झालं तसे लॉनी ताठ झाले.

"डार्लीन! तेच आहे का?"

"तेच!"

"दे इकडे."

त्यांनी रिमोट घेतला, बटणं दाबली. अर्ध्या मिनिटात पाणबुड्या मेला. पुन्हा खेळले, पुन्हा मेला. तिसऱ्यांदा मेल्यावर त्यांनी रिमोट चाचपडत बायकोच्या मांडीवर ठेवला.

"तू खेळ," ते म्हणाले. "मी ऐकतो."

थोडं खेळून त्या थंड चहा आणायला उठल्या. मी त्यांच्यामागे स्वयंपाकघरात गेलो. तोंड उघडलं नसतं तर मी जिवंतपणी सडलो असतो.

"मिस डार्लीन, हा गेम मार्चपासून माझ्या खणात होता. जूनमध्ये तुम्ही विचारलंत, तेव्हाही."

त्या बर्फाचा ट्रे धरून उभ्या राहिल्या.

"मार्चमध्ये तो गाडी चालवत होता," त्या म्हणाल्या.

त्यांनी तीन ग्लासांत बर्फ टाकला, चहा ओतला.

"लॉनीला सांगू नकोस," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "या वर्षात त्याला एवढंच काय ते चांगलं झाल्यासारखं वाटतंय. हा ग्लास त्याला नेऊन दे."

मी ग्लास घेऊन बाहेर आलो. पावलं ऐकून लॉनींनी मान वळवली. माझ्या जरा डावीकडे बघत ते हसत होते.

"काय रे, एवढे डबे पाठवता तुम्ही गावोगाव, आणि हा नेमका आमच्याच डब्यात यावा! नशीब म्हणायचं की नाही?"

मी त्यांच्या हातात ग्लास दिला, बोटं नीट त्याच्याभोवती बसवली.

"हो," मी म्हणालो. "नशीबच."