कर्दळीपाशी बसलेल्या आसरा

इंदापूर रस्त्यालगतचा सार्वजनिक पोहण्याचा तलाव मी आखला. छपरावरून साठवलेलं पावसाचं पाणी कर्दळीच्या वाफ्यातून गाळून तलावात येईल, असं केलं. बायकांसाठी वेगळी वेळ ठेवली. पहिल्या दिवशी त्या आल्या खऱ्या, पण कठड्यावर बसून नुसत्या पाण्याकडे बघत राहिल्या.

मग नऊवारीतली एक म्हातारी आली. तिचं नाव मला आजही ठाऊक नाही. तिनं तलावाला फेरी मारली आणि मला विचारलं, "पोरी, हितं आसरा कुठं बसवल्यात?"

"आजी, पाणदेवता विहिरीला असतात. हा तलाव आहे."

 पाणी जिथून झिरपत येत होतं, त्या कर्दळीपाशी ती जाऊन बसली. तिथल्या दगडाला कुंकू लावलं, ओंजळीतलं पाणी डोळ्यांना लावलं आणि म्हणाली, "हितं हायेत."

माझ्या नकाशात त्या जागेवर फक्त 'गाळणी' लिहिलं होतं.

मग कठड्यावर येऊन तिनं कासोटा आवळला, आणि गुडघे पोटाशी घेऊन असा मुटका मारला की पाणी थेट आमच्या पायांवर आलं. वर आली ती उताणी, डोळे मिटून, कसलीच घाई नसल्यासारखी तरंगत.

"आमची हीर बुजवली तवापास्नं पाणी नुसतं अंगावरनं गेलं बघ," ती म्हणाली. "आज अंग पाण्यात गेलं."

पोशाखाचे नियम सांगायला मी पुढे झाले होते. ते तोंडातच राहिले. मागं वळून बघते तर कठड्यावरच्या बाया उठून पदर खोचत होत्या.